चिताऱ्याचं हिरवं गवत

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या आडोशाला एक लहानसं राज्य होतं आणि त्या राज्यात एक चितारी राहायचा. त्याचं नाव गुणाजी. हात असा, की त्याने भिंतीवर पोपट काढला तर येणारी-जाणारी पोरं त्याच्या चोचीपुढे डाळिंबाचे दाणे धरायची. स्वभाव मात्र असा, की बसल्या जागी दिवसातून दहा वेळा वैताग यायचा. रंग लवकर वाळला की वैताग, उशिरा वाळला तरी वैताग. कुणी चित्राची स्तुती केली नाही तर वैताग, आणि केली तर "कळतंय काय याला!" म्हणून वैताग. त्याची बायको म्हणायची, "तुमच्या कुंचल्याला जेवढे केस नाहीत ना, तेवढ्या तुमच्या कपाळाला आठ्या आहेत."

राजवाड्यातल्या बहुतेक भिंती गुणाजीनेच रंगवल्या होत्या. कमळांचं तळं, गुलाबांचे ताटवे, पिसारा फुलवलेले मोर. हे सगळं त्याच्या हाताला इतकं पाठ झालं होतं की खरा मोर बघून त्याला कित्येक वर्षं झाली होती आणि त्याची त्याला गरजही वाटत नव्हती.

त्या राज्याच्या राजाची आई, जिला सगळे आईसाहेब म्हणत, माघ महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. वैद्यांनी सांगितलं, आता चालणं नाही, पालखीत बसणंही नाही. पलंगावर पडून राहायचं, बस.

आईसाहेब मूळच्या कुसरमाळच्या. तीन दिवसांच्या वाटेवरचं ते डोंगरावरचं गाव. चौदाव्या वर्षी लग्न होऊन त्या राजवाड्यात आल्या. पण दर चैत्रात माहेरी जायच्या आणि माळावरची फुलं बघून यायच्या. पाय दुखायला लागल्यापासून दहा-बारा वर्षं तेही बंद झालं होतं. माहेरचं माणूसही आता कुणी उरलं नव्हतं. उरला होता तो माळ. पलंगाला खिळल्यापासून त्या रोज विचारायच्या, "आता पळस फुलला असेल, नाही? कुसरीचे वेल फुलले असतील?" आणि कुणाला उत्तर देता येत नसे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, आणि मग जेवणही निम्म्यावर आलं.

राजाने घोडेस्वार पाठवून कुसरमाळच्या फांद्या आणवल्या. तीन दिवसांच्या उन्हात त्यांचा पाचोळा झाला. मग त्याने गुणाजीला बोलावलं.

"गुणाजी, आईसाहेबांच्या पलंगासमोरची भिंत कोरी करून घेतली आहे. तिच्यावर कुसरमाळ काढायचा. उन्हाळ्यातला. त्यांना जाता येत नाही, तर माळ त्यांच्याकडे आणा. अक्षय्य तृतीयेला पडदा उघडायचा."

"आज्ञा महाराज. महाराजांनी पाहिलाय का तो माळ?"

"लहानपणी एकदा गेलो होतो, तोही दिवाळीत. उन्हाळ्यातला नाही पाहिला. म्हणून तर तुम्हाला पाठवतोय."

गुणाजी निघाला तो कपाळाला आठी घालूनच. उन्हाळ्यात कुणी डोंगर काढतं का? पावसाळा असता तर गोष्ट वेगळी. पण राजाज्ञा होती. शिंपल्यांत रंग भरून घेतले, कागदांची वळकटी केली, खेचर घेतलं आणि चैत्राच्या पहिल्या आठवड्यात तो कुसरमाळला पोचला.

माळ बघून तो मटकन खाली बसला.

हे काय बघायला पाठवलं आपल्याला? सगळीकडे काळा खडक. गवत फाल्गुनात जाळलेलं, त्याचे करपलेले खुंट आणि राख. पानं नावाला नाहीत. करवंदीच्या जाळ्या, नुसते काटे. आणि त्या सगळ्या ओसाडीत मधेच एखादा पळस, अंगावर एक पान नाही आणि फुलं अशी लालभडक की डोळ्यांना बघवत नाही. उंच सावरीवर गुलाबी फुलं होती, पण इतकी वर की मान दुखायची. कुसरीची पांढरी फुलं होती, पण ती काट्यांच्या जाळीत घुसून बसलेली. जवळ जावं तर धोतर अडकायचं.

पहिल्या दिवशी वाऱ्याने कागद तीनदा उडवून नेला. दुसऱ्या दिवशी तो मुंगळ्यांच्या वाटेवर बसला आणि ते कळायच्या आत मुंगळ्यांना तो कळला. रंग शिंपल्यात मिसळेपर्यंत वाळून जात होते. तोडून आणलेलं फूल घटकाभरात मान टाकत होतं. गुणाजी कपाळ बडवून घेत स्वतःशीच ओरडला, "अरे, जरा स्थिर राहाल की नाही!"

"कुणाला वरडतुयास, बाबा?"

मागे एक म्हातारी धनगरीण उभी होती. हातात काठी, मागे दहा-बारा शेळ्या. तिचं नाव मायाक्का. ती रोज याच वाटेने शेळ्या न्यायची.

"कुणाला नाही. तुम्ही जा."

मायाक्का गेली नाही. ती वाकून कागद बघू लागली. गुणाजीने पळस काढला होता, आणि त्याच्या बुंध्याशी छान हिरवंगार गवत.

"पळस झ्याक आलाय," ती म्हणाली. "पण बुडाला गवत कुठलं आणलंस? चैतात हितं गवत असतं व्हय? असतं तर माझ्या शेळ्यांनी ठिवलं असतं व्हय?"

"आजीबाई, हे चित्र राजवाड्यात लागायचंय. राजवाड्यात जळकं गवत शोभत नाही."

"मग राजवाड्यातच बसून काढायचं की! हितवर उन्हात कशापायी आलास?"

गुणाजीच्या डोक्यात सणक गेली. चाळीस वर्षं कुंचला धरलेल्या माणसाला एक शेळीवाली शिकवणार! त्याने कागद उलटा केला आणि पाठ फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा कागदावर एक निळा ओढा वाहत होता. गुणाजीने तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

"हा वढा कसला?" मायाक्काने विचारलं. "हितला वढा संक्रांतीलाच आटतुया."

"आटतो ना? चित्रात नाही आटणार!"

"बरं बाबा," ती म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली.

त्याच दुपारी गुणाजीने गाशा गुंडाळला. आठ दिवस राहायचं ठरवून आलेला माणूस तिसऱ्याच दिवशी परत फिरला. फुलं कशी असतात ते बघून झालं होतं. बाकीचं तो आपल्या पदरचं घालणार होता.

आणि त्याने घातलं. तीन आठवडे तो भिंतीपुढे राबला, यात कसूर केली नाही. भिंतभर हिरवळ पसरली. मधून निळा ओढा वाहू लागला. पळस होता, सावर होती, कुसर होती, पण काटा कुठे दिसेना. पळसाला त्याने पानंही दिली, कारण उघडं झाड बरं दिसत नाही. ओढ्याच्या काठी दोन मोर ठेवले. कोपरा रिकामा वाटला म्हणून तिथे गुलाबाचा ताटवा लावला.

अक्षय्य तृतीयेला आईसाहेबांच्या दालनात दरबारी मंडळी जमली. पडदा ओढला गेला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "वाहवा!" निघालं. राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून गुणाजीच्या हातात घातलं.

आईसाहेब उशीला टेकून बघत होत्या.

"छान आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "कुठला बाग म्हणायचा हा?"

"आईसाहेब, कुसरमाळ आहे हा," राजा म्हणाला. "तुमचा माळ."

आईसाहेबांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कुणी केलं हे? माळ मोडून बाग कुणी केला? एवढं पाणी कुठून वळवून आणलं? आम्ही फाल्गुनात गवत जाळायचो, ते बंद केलं का? आणि करवंदीच्या जाळ्या? त्या सगळ्या तोडल्या?"

राजा गोंधळला. "तसं नसेल आईसाहेब. चित्रच आहे ते."

"चित्र आहे म्हणूनच म्हणते. हा माणूस तिथे बघायला गेला होता ना?" त्यांनी गुणाजीकडे नजर वळवली. "गुणाजी, तू स्वतः गेला होतास. मला जाता येत नाही. तू सांगशील ते मी खरं मानणार. तू जे पाहिलंस ते हेच का रे?"

सगळं दालन गुणाजीकडे बघत होतं. कडं अजून हाताला गार लागत होतं. 'नाही' म्हणावं तर भर दरबारात खोटं ठरायचं. आणि कशावरून, तर गवतावरून! म्हाताऱ्या माणसांचं हे असंच. इतकी सुंदर भिंत समोर असताना यांना जळकं गवत हवंय. त्याला असा काही वैताग आला की त्याने मान ताठ केली आणि म्हणाला,

"होय आईसाहेब. जे पाहिलं तेच काढलं."

"मग गेला माझा माळ," आईसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंग फिरवून घेतला. भिंतीकडे पाठ, खिडकीकडे तोंड. चाळीस वर्षांत गुणाजीच्या चित्राकडे कुणी अशी पाठ केली नव्हती. त्याला आधी त्याचाच राग आला. तो शेजारच्या दालनात जुन्या भिंतीची डागडुजी करत होता आणि दासींचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं. आज दोन घास खाल्ले. आज नुसती पेज. आज पेजही परत गेली.

"गवतापायी उपाशी राहतात का कुणी!" तो भिंतीला लिंपण लावता लावता पुटपुटायचा. पण लिंपण नीट बसत नव्हतं. घरी बायकोने वाढलेली भाकरी ताटात तशीच राहत होती आणि "भाकरी कच्ची आहे" म्हणून तो तिच्यावरच करवादत होता.

चौथ्या दिवशी सकाळी दाराआडून त्याला आईसाहेबांचा आवाज ऐकू आला. त्या दासीशी बोलत होत्या. आवाज अगदी खोल गेला होता.

"त्या भुईचाफ्याचं काय झालं असेल गं? पाण्याच्या कडेलाच असायचा तो. पण उन्हाळ्यात ती जागा कोरडी ठणठणीत. आता बारमाही ओढा केलाय म्हटल्यावर कंद कुजून गेला असेल. फार पाणी सोसत नाही त्याला. कुणी काढून दुसरीकडे लावला असेल का?"

गुणाजी हातातली थापी घेऊन तसाच उभा राहिला. त्याने गंमत म्हणून, रंग उठून दिसावा म्हणून, चार बोटं रुंदीचा एक निळा पट्टा ओढला होता. आणि आत एक मरायला टेकलेली बाई त्या पट्ट्यात कुजणाऱ्या कंदाची काळजी करत होती.

त्याने थापी खाली ठेवली, हात धुतले आणि सरळ राजापुढे जाऊन उभा राहिला. हातातलं कडं काढून त्याने पायाशी ठेवलं.

"महाराज, मी खोटं बोललो. माळ आहे तिथेच आहे, आहे तसाच आहे. ओढा मी घातला, गवत मी घातलं, मोरही मीच घातले. आठ दिवस राहायचं होतं, मी तिसऱ्या दिवशी पळून आलो."

राजा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "गुणाजी! तिथलं बघून यायला पाठवलं होतं तुम्हाला, बागकाम करायला नाही! माझी आई तुमच्या मोरांपायी अन्न सोडून बसली आहे. चला. हे तुम्ही त्यांनाच सांगा."

दोघे आईसाहेबांकडे गेले. गुणाजीने पलंगाशी गुडघे टेकले आणि सगळं पुन्हा सांगितलं. आईसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"राजाने सांगितलं असेल तुला असं बोलायला," त्या म्हणाल्या. "म्हातारीला बरं वाटावं म्हणून. राहू दे."

"नाही आईसाहेब, शपथेवर सांगतो. माळ होता तसाच आहे."

"चार दिवसांमागेही तू असंच ठासून सांगितलं होतंस, बाबा."

गुणाजी उठला. त्याच दुपारी त्याने परात आणि खरवडणी घेतली आणि आपल्या हाताने सगळी भिंत खरवडून काढली. हिरवा रंग चांगला घोटून लावलेला, निघता निघेना. बोटं सोलवटली. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खेचर घेऊन कुसरमाळच्या वाटेला लागला.

वैशाखाचं ऊन म्हणजे काय, ते त्याला त्या वाटेवर कळलं. आणि माळावर पोचतो तो पळस फुलून झालेला! चपट्या शेंगा लोंबत होत्या. सावरीचा कापूस वाऱ्यावर उडत होता. गुणाजीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि झाडाकडे बघून तो म्हणाला, "आणखी पंधरा दिवस थांबायला काय झालं होतं तुला?"

"त्ये काय तुझी वाट बघत बसणार व्हय?" मागून आवाज आला. मायाक्काच होती, शेळ्या घेऊन. "परत आलास म्हणायचा. आता काय राह्यलं?"

गुणाजीने तिला सगळं सांगितलं. आईसाहेबांचं पडणं, भिंत, ओढा, 'होय' म्हणणं, आणि परत गेलेली पेजेची वाटी. मायाक्का ऐकत गेली तशी तिच्या कपाळावर गुणाजीपेक्षा जास्त आठ्या पडल्या.

"आरं, काय मानूस हायस का कोन! त्या बिचारीला हितवर येता येईना म्हणून तू आलास, आणि तिलाच फशिवलंस?" तिने काठी दगडावर आपटली. "ऊठ. चल. काय काय हाय त्ये बघ आधी. मग काढ."

"चला," गुणाजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाचं असं मुकाट्याने ऐकलं असेल.

आठ दिवस तो तिच्यामागे माळ हिंडला. वैताग काही त्याला सोडून गेला नाही. टाचेत काटे मोडत होते, पाठ भाजत होती, आणि मायाक्का कुठेही पाच पळं थांबू देत नव्हती. पण तो बघत होता. अंजनीच्या झुडपांच्या फांद्यांना जांभळी फुलं अशी चिकटली होती, जणू कुणी मुठीने फेकून मारलीत. कुड्याचं झाड फुलांनी पांढरं झालं होतं. दरीच्या तोंडाशी एकच बहावा पिवळ्या घोसांनी वाकला होता, आणि त्याच्या खाली सगळी राखच राख. करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी भरल्या होत्या. त्याने एक करवंद तोडलं तर हाताला चीक लागला आणि तो दोन दिवस निघाला नाही.

"भुईचाफा कुठे असतो?" त्याने विचारलं.

मायाक्काने त्याला आटलेल्या ओढ्याशी नेलं. काळी, भेगाळलेली जमीन. एक पान नाही, काडी नाही. आणि त्या भेगेतून, थेट जमिनीतून, पांढरी-जांभळी फुलं वर आली होती. गुणाजी पालथा झोपला आणि हनुवटी मातीला टेकवून दुपारभर ती फुलं काढत राहिला. बाकी झाडांचं बळ त्यांना नव्हतं, सावली नव्हती, पाणी नव्हतं. त्याला वाटलं, शेजारी हिरवं गवत असतं तर आपण यांच्याकडे बघितलंही नसतं.

नव्या दमाने बनवून आणलेला हिरवा रंग शिंपल्यात तसाच वाळून गेला. गेरू आणि काजळी मात्र संपली, तेव्हा मायाक्काने चुलीतला कोळसा कुटून दिला.

शेवटच्या दिवशी त्याने सगळे कागद खडकावर ओळीने मांडले, वर दगड ठेवले आणि तो बाजूला उभा राहिला. मायाक्का कमरेवर हात ठेवून एकेक बघत गेली. गुणाजी तिच्या तोंडाकडे बघत होता. राजाच्या तोंडाकडेही त्याने कधी असं बघितलं नव्हतं.

"हां," ती म्हणाली. "ह्यो आमचा माळ."

गुणाजी कागद गोळा करायला वाकला.

"पर माझ्या शेळ्या कुठंयत?"

"आता शेळ्या कशाला मध्येच?"

"कशाला म्हंजे? रोज हितं अस्त्यात त्या. तूच म्हणालास न्हवं, हाय तसं काढायचं म्हणून?"

गुणाजीने कपाळावर हात मारून घेतला. पण कागद पुन्हा पुढे ओढला आणि शेळ्या काढल्या. बारा. त्यातली एक लंगडी.

राजवाड्यात परतल्यावर त्याने दार लावून काम सुरू केलं. पलंग तसाच खिडकीकडे तोंड करून होता. मधे जाडा पडदा होता. आईसाहेबांना काही दिसत नव्हतं आणि त्या विचारतही नव्हत्या. त्या दिवसातून दोन-चार चमचे पेज घेत, तीही राजा स्वतः हाताने भरवायला बसला तर. दरबारी मंडळी मात्र डोकावून जात आणि प्रत्येकाला काहीतरी सुचत होतं.

"फारच उजाड दिसतंय हो," कारभारी म्हणाले. "एखादा तरी मोर?"

"तिथे मोर नाही."

"नसेना! इथे कोण बघायला येतंय?"

"आईसाहेब बघणार आहेत," गुणाजी म्हणाला आणि दार लावून घेतलं.

ज्येष्ठ लागला त्या दिवशी काम झालं. या वेळी दरबार भरवला नाही. राजा, गुणाजी, एक दासी आणि पलंग हलवायला दोन सेवक, एवढेच होते. सेवकांनी पलंग हलक्या हाताने फिरवला. दासी पडदा ओढायला भिंतीजवळ गेली आणि पडदा सरकवून तिथेच कडेला उभी राहिली.

समोर काळा खडक होता. जळक्या गवताचे खुंट होते, राख होती. ओढ्याची कोरडी रेघ होती आणि तिच्या काठाला जमिनीतून वर आलेली फुलं. एक बहावा. काट्यांच्या जाळ्या, इतक्या दाट की भिंतीचा निम्मा भाग त्यांनीच खाल्ला होता. मागे पांढरं पडलेलं, भाजणारं आभाळ.

आईसाहेब बघत राहिल्या. गुणाजी जमिनीकडे बघत होता. वर बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"अगं!" आईसाहेब एकदम दासीला म्हणाल्या. "बाजूला हो तिथून. लुगडं अडकेल तुझं."

दासी दचकून भिंतीपासून दूर झाली. आणि पांघरुणाच्या आत आईसाहेबांनीही आपल्या पायांची बोटं हळूच आखडून घेतली.

राजाने तोंड फिरवून डोळे पुसले.

"करवंदं पिकलीत," आईसाहेब म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. "म्हणजे वैशाख सरत आलाय. पळस गेला असेल. जाऊ दे. पुढल्या वर्षी येईल." मग त्या म्हणाल्या, "राजा, मला भूक लागली रे."

आईसाहेबांची कंबर काही जुळली नाही. ते हाड जुळण्यातलं नव्हतंच. पण त्या जेवू लागल्या, माणसांत बोलू लागल्या आणि पलंग पुन्हा खिडकीकडे फिरवू दिला नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या काठीने भिंत दाखवायच्या. इथे मी पडले होते, इथे माझी बांगडी हरवली, या जाळीत तितर असायचे.

आणि गुणाजीच्या मागे नवाच व्याप लागला. दोन दिवसांआड त्याला बोलावणं यायचं.

"गुणाजी, बहाव्याच्या डाव्या हाताला एक मोठा धोंडा होता. मधोमध चिरलेला. तो राहिला बघ तुझा."

"आईसाहेब, मला नाही दिसला धोंडा."

"होता रे. त्यावर बसून आम्ही करवंदं खायचो."

"असेल. रंगवून टाकतो आत्ताच. कसा होता सांगा, एवढा की एवढा?"

आईसाहेबांनी डोळे बारीक केले. "मी सांगते म्हणून काढणार? आता तो तिथे आहे की नाही, हे तुला ठाऊक आहे का?"

"नाही," गुणाजी म्हणाला.

"मग?"

गुणाजी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. ज्येष्ठाचं ऊन खिडकीतून आत येत होतं. तीन दिवस जायचे, तीन दिवस यायचे. एका धोंड्यासाठी! दारातून बाहेर पडताना तो इतक्या मोठ्याने करवादत होता की पागेपर्यंत ऐकू गेलं. खेचराने कान पाडले.

सात दिवसांनी तो परत आला. तोंड रापलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले. आईसाहेबांच्या पलंगाशी येऊन तो धापा टाकत उभा राहिला.

"आहे," तो म्हणाला. "करवंदीने पुरता गिळलाय. फांद्या बाजूला करून बघितलं तेव्हा सापडला. मधोमध चिरलेला आहे, आणि चिरेत आता एक कुडा उगवलाय. तुमच्या वेळी होता का तो?"

"नव्हता," आईसाहेब म्हणाल्या. त्या कोपरावर रेलून वर झाल्या होत्या आणि त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "फुललाय?"

"फुललाय."

"मग काढ की! उभा काय राहिलास?"

तात्पर्य: ज्याला स्वतः जाता येत नाही, तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबलेला असतो, म्हणून त्याच्यासाठी बघायला गेलेल्याने जे पाहिलं तेच सांगावं, पदरचं हिरवं गवत घालू नये.